सोयरिकीचा वांधा

नामपूर, ता. बागलाण
१० फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप चिमाजीमामांच्या चरणी भाचा दिनेश याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. पुढचं वाचताना तसं वाटेनासं झालं तर पुन्हा या ओळीवर यावं.) मामींची कंबर कशी आहे? तुमच्या गुडघ्याचीही चौकशी करणार होतो, पण रविवारी खंडेरावआप्पांच्या ओसरीवरून जरा पाय मोकळे करून येतो म्हणून उठलात आणि भर बैठकीतून थेट सटाण्याच्या गाडीत जाऊन बसलात, तेव्हाची तुमची चाल माझ्या वर्गातल्या मुलांनी पाहिली आहे. त्यामुळे गुडघा उत्तम आहे असं मी साक्षीदारांच्या जोरावर धरून चालतो. टोपी मात्र तिथेच राहिली. तिचं पुढे येईलच.

फोन केला असता, पण इथल्या एसटीडी बूथवाल्याला माझ्या लग्नात माझ्याइतकाच रस आहे आणि तो मधेमधे सूचना करतो. म्हणून पत्र. तुम्ही निघून गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं, कारण हे स्थळ मी स्वतः तुमच्या कानावर घातलं होतं, आप्पांच्या तृप्तीशिवाय दुसऱ्या कुणाचा फोटोसुद्धा मला दाखवू नका असं मी आईला बजावलं होतं, आणि मध्यस्थ म्हणून तुम्हाला पाठवायची अक्कलही माझीच. आता ते जमतंय की मोडतंय हे येत्या रविवारी ठरणार आहे. पण हे सगळं समजायचं तर आधी माझी सातवी ब समजली पाहिजे, तेव्हा चहा जवळ घेऊन बसा.

आमच्या शाळेत वादविवाद पूर्वीपासून आहे. म्हणजे वाद नव्हता आणि विवादही नव्हता, पाठांतर होतं. सरांनी दोन भाषणं लिहायची, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, मुलांनी ती घोकायची आणि अध्यक्ष महाशयांपासून माझे दोन शब्द संपवतो इथपर्यंत एका दमात म्हणून खाली बसायचं. गेल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या गोटीरामने प्रतिकूल बाजूने उभं राहून अनुकूलचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं आणि दुसरा नंबर आणला. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही. गोटीरामच्याही आलं नाही. माझ्या आलं, कारण दोन्ही भाषणं मीच लिहिली होती, आणि ती ढाल हातात घेऊन गावात परतताना मला इतकी लाज वाटली की यंदा मुलांना खराखुरा युक्तिवाद शिकवायचा, असा मी पण केला. (पण करू नये, मामा. माणसाने नोकरी करावी.)

फळ्यावर लिहिलं: आधी मत, मग कारण, मग पुरावा, आणि समोरच्याचं ऐकून घेऊन त्याला पुराव्यानिशी प्रतिवाद. विषय साधा दिला, शाळा सकाळची असावी की दुपारची. पहिला आठवडा पुरावा म्हणजे काय यातच गेला. अर्ध्या वर्गाचा पुरावा ‘मनी माय सांगस’ हा होता आणि उरलेल्या अर्ध्याचा आईची शप्पथ, म्हणजे फिरून त्याच बाईवर. एकाने वर्तमानपत्राचा तुकडा आणला, पण त्यात भजी बांधून आली असल्यामुळे नेमका महत्त्वाचा भाग तेलात गेला होता. मी ओरडून ओरडून घसा बसवला की पुरावा असा हवा जो कुणालाही स्वतः जाऊन बघता येईल. हे गोटीरामला पटलं. दुपारच्या शाळेत झोप येते हा त्याचा मुद्दा होता. त्याने अख्खा वर्ग रांगेने मुख्याध्यापकांच्या ऑफिसच्या खिडकीपाशी नेला आणि पुरावा दाखवला. पुरावा घोरत होता. तो जागा झाल्यावर त्याने मला बोलावून घेतलं आणि जे काही सुनावलं त्याला माझ्यापाशी प्रतिवाद नव्हता.

प्रतिवाद तर मुलांच्या डोक्यात शिरेचना. त्यांना तो उलट बोलणं वाटे, आणि मोठ्यांना उलट बोलू नये हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. शेवटी एक दिवस दुसऱ्या बाकावरच्या निकिताने हात वर केला. (हीच ती निकिता, खंडेरावआप्पांची धाकटी, तृप्तीची बहीण. तुम्ही जिला ‘बाळ, जा आत जाऊन खेळ’ म्हणालात ती.) आप्पा कांद्याचे व्यापारी, त्यामुळे त्या घरात पोरं बाराखडीच्या आधी कांद्याची प्रतवारी शिकतात. ती म्हणाली, “सर, म्हंजे वांधा ना?” आणि सगळा वर्ग हं असं म्हणून मागे टेकला. मी पंधरा दिवस घसा फोडून जे सांगत होतो ते त्या एका शब्दाने पोचलं, याचा आनंद मानावा की राजीनामा द्यावा मला कळेना.

तुम्ही नाशिकचे, तुम्हाला वांधा म्हणजे नुसती अडचण वाटेल. इथे बाजार समितीत तशी गोष्ट नाही. शेतकरी ट्रॉली लावतो, व्यापारी वरचा माल बघून लिलावात भाव बोलतो. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि खाली होते. वर टपोरा कांदा आणि तळाशी गोल्टी, म्हणजे लिंबाएवढा बारका माल, निघाला की व्यापारी भाव तोडायला बघतो, शेतकरी अडून बसतो, आणि याला म्हणतात वांधा पडला. निकिताने वर्गाला समजावलं की माणूस बोलतो ते वरचं वरचं, ते ऐकून भाव करायचा नाही, सगळी ट्रॉली खाली करायला लावायची आणि मग बोलायचं. मी खूश होऊन फळ्यावर प्रतिवाद पुसून वांधा लिहिलं. आणि वर स्वतःचं शहाणपण जोडलं, की सगळ्यात भारी वक्ता तो जो आपल्या ट्रॉलीतली गोल्टी समोरच्याने शोधायच्या आत स्वतःच काढून दाखवतो. निकिता म्हणाली असं बाजारात कुणीच करत नाही. मी म्हणालो जो करेल त्याच्यावर लोक विश्वास ठेवतील. हे वाक्य लक्षात ठेवा, मामा, मला ते फार महागात पडलं आहे.

तिथून पुढे गावाला सुख राहिलं नाही. सव्वीस जानेवारीला संस्थेने एक मोठे पाहुणे आणले, शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांनी भाषणात सांगितलं की लहानपणी मी भर पावसाळ्यात मोसम नदी पोहून या शाळेत यायचो. टाळ्या पडायच्या आत सातवी ब मधून प्रश्न आला की तुमचं घर कुठे होतं. त्यांनी ऐटीत गल्लीचं नाव सांगितलं. गल्ली शाळेच्याच काठाला आहे. मुलांनी मान्य केलं की पाहुणे पोहत असतील, पण मग रोज दोनदा पोहत असले पाहिजेत, एकदा पलीकडे आणि एकदा परत. पाहुण्यांनी शाळेला देणगीदाखल जाहीर करायचा पंखा जाहीर केला नाही आणि मुख्याध्यापकांची दुपार उकाड्यात जाऊ लागली. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. ते मला शिपायामार्फत रागावतात.

आता तृप्तीबद्दल. खरा वांधा बघायला म्हणून मी वर्ग घेऊन आप्पांच्या खळ्यावर गेलो होतो. आप्पा गावाला गेलेले, काट्यावर तृप्ती उभी. बी. कॉम. झाली आहे, बापाचा सगळा व्यवहार तीच बघते. एक म्हातारे शेतकरी हुज्जत घालत होते, खळ्यावरचे हमाल म्हणत होते गोल्टी निघाली, भाव तोडा. तिने बाचाबाची केली नाही. स्वतः उकिडवी बसून ढिगाच्या चारी बाजूंनी आणि पोटातून मूठमूठ कांदा काढला, सगळ्यांसमोर गोणपाटावर मांडला आणि म्हणाली की गोल्टी आहे पण इतकी सगळ्यांच्याच मालात असते, भाव तोच राहील. मामा, ती स्वतःच्या बापाच्या पैशाविरुद्ध निकाल देत होती आणि तिचा आवाज पाणी मागितल्यासारखा साधा होता. मी ज्यासाठी दोन महिने डोकं फोडत होतो ते ती बाई धुळीत बसून करत होती. त्या दिवशी मी मुलांना मोजून परत आणायचं विसरलो आणि गोटीराम खळ्यावरच राहिला. ती मुलगी मला मनापासून आवडली आहे, हे तुम्हाला मी चारचौघांत नीट सांगितलं नव्हतं, ते इथे सांगतो.

आणि अशा घरात तुम्ही वरचा माल लावलात. तुम्ही आयुष्यभर एसटी स्टँडवर कर्ण्यातून घोषणा केल्यात, त्यामुळे जी गाडी अजून डेपोत धुतली जात आहे तीसुद्धा फलाटाला लागली असं सांगायची जिभेला सवय, हे मला कळतं. पण तरी. मुलाची बदली सहा महिन्यांत नाशिकला होणार, असं तुम्ही चहाची बशी खाली ठेवता ठेवता बोलून गेलात. आमच्या संस्थेच्या शाळा दोनच, एक ही आणि दुसरी साल्हेरच्या पायथ्याशी. तिथे बदली झाली तर नामपूर मला नाशिक वाटेल. मग म्हणालात, पंचवटीत स्वतःचं घर आहे. घर आहे, त्यात आमची दीड खोली आहे, आणि त्या अर्ध्या खोलीत काकांचं कपाट आहे. एवढ्यावर थांबला असतात तरी मी निभावून नेलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तुम्ही म्हणालात की आमचा दिनेश म्हणजे गरीब गाय, स्वभाव इतका शांत की त्याचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही.

पोह्यांच्या बश्या गोळा करत असलेली निकिता तिथेच थांबली. तिने विचारलं, “मामा, याना पुरावा कोठे शे?” आणि तुम्हाला पाय मोकळे करावेसे वाटले.

तुम्ही उंबरा ओलांडलात न ओलांडलात तोच ती पुढे बोलू लागली. सर शांत नाहीत, त्यांनी दिवाळीआधी दारावर डस्टर फेकला, दाराचा टवका उडालेला आहे, कुणालाही स्वतः जाऊन बघता येईल. (वाक्य माझंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.) सुमनबाई, म्हणजे तिच्या आई, पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघू लागल्या. आप्पा माझ्याकडे बघू लागले. मी हसून विषय बदलायला हवा होता. मी काय केलं? मी उभा राहिलो आणि ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं इतक्या मोठ्या आवाजात ओरडलो की मी शांत आहे. निकिताने मान डोलावली, वर्गात एखादा मुद्दा सिद्ध झाल्यावर मी डोलावतो तशी.

इतक्यात आतल्या दारातून तृप्ती बाहेर आली. चहाचा ट्रे नाही, मान खाली नाही. म्हणाली, सर, तुम्ही वर्गात सांगितलंत ना की आपल्या ट्रॉलीतली गोल्टी आधी आपणच दाखवायची. मग दाखवा की. तुमच्याशी लग्न का करू नये याचे सगळ्यात जोरदार मुद्दे पुराव्यासकट तुम्हीच लिहून द्या, रविवारपर्यंत. मी वाचते आणि सांगते. मी आप्पांकडे आशेने पाहिलं, म्हटलं हा माणूस तरी पोरीला दटावेल. आप्पांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, “माल तं खाली व्हई गया. आते बाईमाणसं वांधा काढतीन, मंग देखू.”

तेव्हापासून मी लिहितो आहे आणि फाडतो आहे. दुसऱ्याच्या मुद्द्यातली खोट मला झोपेत दिसते, स्वतःची दिसेना. पहिला कागद निकिताबरोबर पाठवला. त्यात मी लिहिलं होतं की मी कामात फार बुडून जातो, मी जरुरीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे आणि माझं मन फार हळवं आहे. निकिताने तो वाटेतच वाचला आणि परत आणून दिला. म्हणाली, “सर, हाई वांधा नही, हाई तं जाहिरात शे.” दुसऱ्या कागदात खरं लिहायला बसलो तर इतका राग आला की दौत सांडली. सातवीच्या पोरीने तपासलेला निबंध घेऊन मी लग्नाला उभा आहे, मामा, आणि लाल शाईचं पेन मीच तिच्या हातात दिलं आहे. शिक्षकाचं याहून वाटोळं व्हायचं काय बाकी राहिलं ते तुम्हीच सांगा.

असो. मामींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद. त्रासाबद्दल क्षमा मागत नाही, कारण त्रास तुम्ही सुरू केलात. पण तुमच्यावर माया आहे, ती या पत्राच्या बाहेर आहे असं समजावं.

आपला शांत स्वभावाचा भाचा,
दिनेश

ता. क. खरं काम असं की मला तुमची मदत हवी आहे. मी रांगत होतो तेव्हापासून तुम्ही मला पाहताय. माझ्या तळाशी कुठे कुठे गोल्टी आहे ते तुम्हाला ठाऊक. तेव्हा माझे खरे दोष प्रसंगांसकट लिहून उलट टपाली पाठवा, मी ते माझ्या अक्षरात उतरवून देतो. अनमान करू नका. रविवारी तुम्ही गुण सांगितलेत तसेच सढळ हाताने दोष सांगा, फक्त या वेळी घडलेले सांगा.

ता. क. आईला विचारू नका. एक तर ती म्हणेल माझ्या लेकरात दोष नाहीच, नाहीतर रागात असेल तर पाकिटाला जादा तिकीट लागेल.

ता. क. तुमची टोपी आप्पांच्या ओसरीवर खुंटीला आहे. निकिता ती उतरवू देत नाही. तिचं म्हणणं, मुलाकडचे लोक आले होते एवढा एकच पुरावा शिल्लक आहे.

ता. क. (गुरुवार) वरचं सगळं रद्द समजा. काल संध्याकाळी घरात डिंक नव्हता, म्हणून पाकीट उघडंच निकिताकडे दिलं होतं, टपालपेटी त्यांच्या घरासमोर आहे आणि डिंक त्यांच्याकडे असतो. आज सकाळी तेच पाकीट तिने माझ्या टेबलावर परत आणून ठेवलं. मी तापलो. तिने शांतपणे सांगितलं की ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, मूळ कागद बघावा, असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून ताईला मूळ कागद दाखवला. तृप्तीने तो पहिल्या नमस्कारापासून टोपीपर्यंत वाचला आहे. ओरडणं, डस्टर, दीड खोली, साल्हेर, तुमच्यावर काढलेला राग, खळ्यावर विसरलेला गोटीराम, आणि बाकीचंही जे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नसतं, ते सगळं. मी सकाळचे दोन तास कसे शिकवले मला आठवत नाही.

मधल्या सुट्टीत पाकिटाची मागची बाजू पाहिली. तिथे तिने स्वतःचे तीन दोष लिहिले आहेत, प्रत्येकापुढे प्रसंग दिला आहे, तिसरा वाचून मला हसू आवरेना. (ते तुम्हाला सांगणार नाही. त्यांच्यावर मी कोरा कागद डकवला आहे, तो सोलू नये.) आणि खाली एक ओळ: माल पूर्ण खाली झाला, बघितला, भाव तोच राहील.

तेव्हा मामा, दोषांची यादी पाठवू नका. रविवारी स्वतः या, सुपारी फोडायची आहे. पहिल्या गाडीने या, टोपी घ्या, पाटावर बसा, आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलू नका.